धनीराम पहेलवानाला कोणी पाडलं

भंडारा
२९ सप्टेंबर १९७४

चिरंजीव श्यामराव यास, बाप सुखरामचा आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, राग मानू नकोस. पोळ्यापासून रोज लिहायला बसतो आणि रोज उठतो. दोन ओळी झाल्या की भोजराजची चंद्रकला विचारते, "कोणाले लिहून राहिले बाबा?" मी सांगतो, रेशनच्या साहेबाला अर्ज करतो आहे. तुझं नाव या घरात मोठ्यानं घेता येत नाही. भोजराजच्या कानावर पडलं की तो ताट सरकवून उठतो. भावाभावांत असं असू नये, पण तूही जाताना काय बोलून गेलास? "तुमी अन् तुमचा भोजराज, दोघंही मरा याच गल्लीत." पिशवी उचलली आणि वळूनही पाहिलं नाहीस. तेव्हापासून भिलाईहून एक पोस्टकार्ड नाही. भट्टीपाशी जपून काम कर. मला हल्ली झोप लागली की वाईटच दिसतं, म्हणून लिहितो.

इकडे दिवाळीनंतर नगरपालिकेची निवडणूक आहे. आपल्या वॉर्डात दोघे उभे आहेत. भांड्यांचे दुकानवाले पुंडलिकराव, त्यांची निशाणी कंदील. आणि राईस मिलवाले भैयाजी, त्यांची निशाणी तराजू. लोक पुंडलिकरावांच्या पोरांना चिडवतात, "कंदील तं देता जी, त्यात घालाले घासलेट कोण देईन?" भैयाजींच्या पोरांना म्हणतात, "तराजू दाखवून राहिले, पन तांदूळ कुठी लपवला?" हसण्यासारखंच आहे. मी चौथी शिकलेला माणूस, मला राजकारण कळत नाही. पण कारध्याच्या पुलाकडच्या जकात नाक्यावर जन्म गेला. दोघांचाही माल मी पाहिला आहे. दोघांच्याही गाड्या "मोठ्या साहेबाले विचार" म्हणत पुढे निघून जायच्या. आता एक म्हणतो नळाला दोन वेळ पाणी देईन, दुसरा म्हणतो नाल्या बांधीन. आपल्या गल्लीची नाली पुंडलिकरावांच्या मागच्या दारापासून उतरते आणि आपल्या ओट्याखाली येऊन थांबते. ती कोणीच बांधणार नाही. मी दोघांनाही मत देणार नव्हतो. पण भोजराजनं कंदिलाचं काम घेतलं आणि घर कंदिलाचं झालं.

मारबतीच्या दिवसाचं तुला काय सांगायचं, तू ओट्यावर माझ्या शेजारीच होतास. तरी लिहितो. कारण गावात आता दुसरंच सांगतात, आणि रोज ते ऐकून ऐकून मलाच शंका यायला लागली आहे की माझ्या हातानं झालं ते झालंच नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक आपल्या दारावरून चालली होती. लोक दरवर्षीसारखे ओरडत होते, खासी खोकला घेऊन जाय गे मारबत, ढेकूण मच्छर घेऊन जाय गे मारबत. पुढाऱ्यांचीही नावं घेत होते. पुढाऱ्यांना ते लागत नाही, त्यांची कातडी वेगळी असते. मग भैयाजींकडचा धनीराम पहेलवान आपल्या ओट्यासमोर थांबला. आदल्या दिवशी भोजराजनं तराजूचा फलक फाडला होता, त्याचा राग. माझ्याकडे पाहून हसला आणि हात वर करून ओरडला, "सुखराम काकाजीच्या भोजराजले घेऊन जाय गे मारबत!"

तो गंमत करत होता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मारबत गावाबाहेर नेऊन जाळतात, श्याम. तिच्याबरोबर जे जातं ते परत येत नाही, म्हणून तर रोगराईची नावं घेतात. बापाच्या दारात उभं राहून पोराचं नाव घ्यायचं? तो पाठ करून पुढे निघाला आणि मी दारामागचा सागाचा अडसर उचलला. त्याच्या कानामागे बसला. आवाज कसा झाला ते लिहीत नाही. ओट्यावरून कोहळं पडावं तसा झाला. एवढा मोठा माणूस गुडघ्यावर आला, मग तोंडावर. नालीच्या पाण्यात त्याचं रक्त मिसळलं. आणि मला बरं वाटलं. तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू? त्या वेळी मला फार बरं वाटलं.

अडसर माझ्या हातून खाली पडला. तेवढ्यात घरातून भोजराज धावत आला. त्यानं तो उचलला आणि धनीरामच्या अंगावर उभा राहून ओरडला, "या! कोन येते ते पाहतो!" गर्दी मागं वळली तेव्हा तिला दिसलं ते एवढंच. त्याआधीचं पाहणारा तू एकटा. आणि तू निघून गेलास.

पोलिसांनी भोजराजला नेलं. पुंडलिकरावांनी जामीन दिला. सुटून आला तेव्हा चौकात त्याच्या गळ्यात हार घातला. धनीरामनं म्हणे आजवर कोणाकडून मार खाल्ला नव्हता. आता पानठेल्यावर भोजराजला पान फुकट. पोरं म्हणतात, "भोजराजभाऊनं एका हातात पाडला पहेलवान." मी त्याला म्हटलं, "अरे, सांग ना त्याइले, बापानं मारलं म्हनून." तर हसला. म्हणाला, "बाबा, राहू द्या ना. तुमाले काय करायचं हाये ते नाव घेऊन?"

धनीरामचे भाऊ गप्प आहेत. मला ते गप्प राहणं आवडत नाही. तू ये आणि जे पाहिलं ते सांग, एवढंच मागतो.

तुझा बाप
सुखराम


भंडारा
२० ऑक्टोबर १९७४

चि. श्यामराव यास आशीर्वाद.

पहिलं पत्र मिळालं की नाही ते कळवलं नाहीस. पोस्टमनला विचारलं तर म्हणतो, भिलाईचं पत्र हरवत नाही, उत्तर देणारा हरवतो. लोकांना माझी अशी थट्टा सुचते.

मी ठाण्यात जाऊन आलो. धुतलेलं धोतर नेसून गेलो. फौजदार साहेबांना सांगितलं, साहेब, धनीरामला मी मारलं, माझं नाव लिहा. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. तुला माहीत आहे, माझा हात कापतो. चहा बशीत सांडला, बशीतला धोतरावर सांडला. साहेब शिपायाला म्हणाले, "पाहून घे रे, या हातानं पहेलवान पाडला म्हंते." दोघं पोट धरून हसले. मग साहेब मऊ झाले. "बाबा, पोराची माया मी समजतो. पन कायद्याले माया नाई समजत. घरी जा." शिपायानं मला रस्त्यापर्यंत सोडलं. खाली वाकून माझी चप्पल सरळ केली.

मग पुंडलिकरावांकडे गेलो. दुकानात पितळी गुंड, घागरी, आणि त्यांच्यात कंदिलाच्या चित्रांचे गठ्ठे. ते म्हणाले, "काकाजी, तुमी मारलं का भोजराजनं मारलं, ते मतदान झाल्यावर पाहू. आता लोकाइले जे वाटते त्याच्यावर माह्या वॉर्ड टिकून हाये. भोजराजच्या नावानं तराजूवाले या गल्लीत पाय टाकत नाई." मी म्हटलं, "अन् पोराले कोनी मारलं तं?" ते म्हणाले, "आमी हावो ना!" असं सगळेच म्हणतात, आणि वेळ आली की घरी पाहुणे आलेले असतात.

शेवटी धनीरामकडे गेलो. चंद्रकला नको नको म्हणत होती. तो अंगणात खाटेवर होता, डोक्याला फडकं. डाव्या कानानं ऐकू येत नाही, अन्न पोटात ठरत नाही. मला पाहून उठायला लागला. मी त्याच्या खाटेपाशी खाली बसलो. म्हणालो, "धनीराम, ते मी केलं बापू."

तो म्हणाला, "मले मालूम हाये, काकाजी. मी पडलो तं तुमचेच पाय दिसले. बाकीचे पोट्टे पँटवाले, धोतर तुमचंच होतं."

"मंग सांगत काहून नाई?"

"काय सांगू?" तो हसला आणि हसताना त्याचं तोंड वाकडं झालं, एक बाजू हलत नाही. "धनीराम पहेलवानले सत्तर वर्साच्या बुढ्यानं झोपवला म्हनू? अखाड्यातले पोट्टे मले लंगोट बांधू देईन का? भोजराजनं मारलं, जवान मानूस हाये, मागून मारलं, चालते. तुमचं नाव काढलं तं मी जित्तेपनी मेलो."

मी त्याच्यापुढे हात जोडले. त्यानं माझे हात धरून खाली केले. "हात नोका जोडू जी. मोठे मानूस तुमी. गंमतच केली होती मी, तुमाले लागली." आणि बायकोला चहा टाकायला सांगितला. मी त्याच्या घरचा चहा पिऊन आलो, श्याम. त्याचा धाकटा भाऊ गोमाजी दारात उभा होता. धनीराम जे बोलला ते त्याच्या कानावर गेलं नव्हतं, आमचं बोलणं हळू होतं. मी जाताना त्याला सांगितलं, "गोमाजी, मीच मारलं." तर म्हणाला, "हो काकाजी. सांभाळून जा, पायऱ्या ओल्या हायेत."

आता भोजराजचं ऐक. हे लिहायचं नव्हतं. परवा बसस्टँडवर एका रिक्षावाल्यानं त्याला हाक मारली, "काहो भोजराजभाऊ, पहेलवान झोपला होता का, तेवढ्यात मारला?" रिक्षाला तराजूचं चित्र होतं. भोजराजनं सायकलची चेन काढली. त्या माणसाचे पुढचे दात गेले, ओठ मधोमध फाटला. तो रिक्षाच्या चाकाखाली शिरून लपत होता तरी हा मारत होता असं सांगतात. घरी आला तेव्हा शर्टाची बाही मनगटापर्यंत लाल. चंद्रकलेनं राखुंडीनं घासून घासून धुतली, रडत नव्हती, नुसती घासत होती. मी विचारलं, "काहून मारलं रे त्या गरिबाले?" भोजराज म्हणाला, "नाव झालं ना बाबा. आता ते राखाले लागते." लहानपणी हा पोरगा कोंबडी कापताना घराच्या मागं पळून जायचा.

मी मारलं एकदा. त्याचं नाव अंगावर घेऊन तो रोज मारतो आहे.

दसऱ्याला येतोस का? आला नाहीस तरी सोनं वाटायला तुझ्या नावाची पानं ठेवतो.

सुखराम


भंडारा
९ नोव्हेंबर १९७४

चि. श्यामराव,

थोडक्यात लिहितो, बोटं दुखतात.

काल संध्याकाळी चौकात कंदिलाची सभा होती. मी गेलो नव्हतो, मला नेलं. दोन पोरांनी काखेत हात घालून मंचावर चढवलं. पुंडलिकरावांनी माझ्या गळ्यात हार घातला आणि भोंग्यावर म्हणाले, "हे शूर पोराचे वडील!" मी म्हटलं, मलाही बोलायचं आहे. त्यांना आनंद झाला. माईक माझ्या तोंडापाशी आणून दिला.

मी सगळं सांगितलं. दारामागून अडसर घेतला, धनीरामच्या कानामागे मारला, भोजराज नंतर आला, मोठा मुलगा श्यामराव साक्षीला आहे. माझा आवाज भोंग्यातून परत माझ्यावरच येत होता. मला वाटलं, झालं, सुटला माझा पोरगा. मग मागून कोणीतरी ओरडलं, "बाप असावा तं असा!" आणि सगळा चौक टाळ्या वाजवायला लागला. बायकासुद्धा. एक म्हातारी मंचाखाली डोळे पुसत होती. पुंडलिकरावांनी मला मिठी मारली आणि भोंग्यावर म्हणाले, "पोरासाठी फाशी जायले तयार हायेत काकाजी! या बापाच्या मायेले मत द्या, कंदिलाले मत द्या!"

काय करू सांग. खरं बोललो तर त्याचं पोस्टर झालं.

तेवढ्यात दगड आले. पहिला दगड दिव्यावर बसला, काचा लोकांच्या डोक्यावर पडल्या. मग अंधारात नुसता आरडाओरडा. कोणीतरी मंचाचे बांबू उपटून हाणायला सुरुवात केली. आपल्या गल्लीतल्या शिंप्याच्या डोळ्यात काच गेली, तो डोळा गेला म्हणतात. भोजराज मंचावरून उडी मारून गर्दीत शिरला. त्याला मी थांबवायला गेलो, माझ्या बोटांवर कोणाचा तरी बूट पडला. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात कोणाची तरी मळकी टोपी होती आणि तिच्यात केस अडकले होते. ती त्यानं घराच्या खुंटीवर टांगली. चंद्रकलेनं काढली, त्यानं पुन्हा टांगली.

आज सकाळी नाक्यावरचा जुना शिपाई भेटला. म्हणाला, गोमाजी रोज अखाड्यात पोरांना घेऊन बसतो. धनीरामला आता झटके येतात, दातखीळ बसते, चमच्यानं तोंड उघडावं लागतं. तो भल्या माणसासारखा गप्प आहे आणि त्याचं गप्प राहणंच माझ्या पोराच्या मुळावर येईल.

मतदान पुढच्या रविवारी, १७ तारखेला आहे. तू शनिवारी निघालास तरी वरठी स्टेशनावर उतरून पोचतोस. आलास तर घरी येऊ नकोस, सरळ ठाण्यात जा. भोजराजला घेऊन भिलाईला जा, त्याला कुठंही कामाला लाव. तो येणार नाही म्हणेल. बांधून ने.

बापाचं एवढं ऐक.

सुखराम


भंडारा, सरकारी दवाखाना
२० नोव्हेंबर १९७४

चि. श्यामराव यास आशीर्वाद.

तू आला नाहीस.

धनीराम शनिवारी सकाळी गेला. भाऊबीजेला त्याची बहीण ओवाळत होती, ताटासमोरच झटका आला म्हणतात, मग शुद्ध आलीच नाही. दुपारी वैनगंगेवर नेला. मी मयतीला निघालो होतो. चंद्रकलेनं दाराला बाहेरून कडी लावली आणि बाहेर बसून राहिली. तिनं बरोबर केलं की चूक, मला आता काही कळत नाही. तो माझ्या हातानं मेला, श्याम. गंमत केली म्हणून. आणि मरेपर्यंत माझं नाव घेतलं नाही, अब्रूसाठी घेतलं नाही का माझ्यासाठी, देव जाणे.

भोजराजला मी म्हटलं, "आज पळ. पुलापलीकडे जा, कारध्याले कोनाच्या तरी घरी राहा." तो म्हणाला, "मतदानाच्या दिवशी पळू? मंग इतके दिवस काय केलं?"

रविवारी मी मत द्यायला शाळेत गेलो. कोणाला दिलं ते सांगत नाही. कोणालाच देऊ नये असं होतं, पण कागद कोरा टाकायला हात धजला नाही. बोटाला शाई लावून बाहेर आलो. शाळेच्या फाटकाबाहेर कंदिलाचं टेबल होतं, भोजराज तिथं चिठ्ठ्या देत होता. पुंडलिकरावांचा एकही मोठा माणूस नव्हता. "आमी हावो ना" म्हणणारे कोणी नव्हते.

गोमाजी आणि त्याची पोरं गल्लीच्या तोंडातून आली. त्या भावांनी केस उतरवलेले, डोकी नुकती भादरलेली, कपाळाला नदीकाठची मातीसुद्धा तशीच होती. हातात काठ्या, एकाच्या हातात बैलबंडीचा लोखंडी आख. रांगेतले लोक भिंतीला चिकटले. शाळेतला पोलीस आत गेला.

मी त्यांच्या आडवा झालो. गोमाजीच्या समोर उभा राहिलो, टोपी काढली आणि म्हणालो, "गोमाजी, तुह्या भावाले मी मारलं. हे घे माह्यं डोस्कं. मार."

तो थांबला. सगळी पोरं थांबली. मला वाटलं, आता मारेल, आणि जिवाला इतकं हलकं वाटलं, तुला कसं सांगू.

गोमाजी खाली वाकला आणि त्यानं माझ्या पायाला हात लावला.

"काकाजी," तो म्हणाला, "माह्या घरी कालच मयत झाली. बुढ्या मानसावर हात टाकून पाप नोका लावू मले. सरका बाजूले." मी सरकलो नाही. तेव्हा त्यानं आणि दुसऱ्या एकानं मला दोन्ही बाजूंनी उचललं, अगदी हळू, जसं आजारी माणसाला उचलतात. शाळेच्या पायरीवर बसवलं. माझा चष्मा पडला होता, तो पुसून माझ्या हातात दिला. एका पोराला म्हणाला, "काकाजीले धरून ठेव. ऊन लागन, सावलीत बसव." त्या पोरानं माझे दोन्ही हात धरले. घट्ट धरले, पण दुखणार नाहीत असे.

आणि मग त्यांनी भोजराजला माझ्यासमोर मारलं.

तो पळाला नाही. पहिल्या काठीला त्यानं हात आडवा केला, हात कोपरातून उलटा झाला. खाली पडल्यावर त्यांनी आखानं त्याचे गुडघे फोडले, आधी एक, मग दुसरा. लाकूड फोडताना म्हणतात तसं हं, हं म्हणत. जबडा एका लाथेत सरकला. उजव्या हाताची बोटं दगडावर ठेवून दगडानंच चेचली. मी ओरडत होतो, "मी, मी, अरे मी मारलं," आणि मला धरणारा पोरगा सारखं म्हणत होता, "हो जी काकाजी, हो जी, झालं, झालं आता." मी डोळे मिटले की आवाज मोठा यायचा, म्हणून उघडेच ठेवले. मतदानाच्या रांगेतून कोणी हललं नाही. एक बाई लेकराचे डोळे पदरानं झाकून उभी होती, पण रांग सोडली नाही, तिचा नंबर जवळ आला होता.

झाल्यावर गोमाजी रडायला लागला. रडत रडतच गेला.

कंदील निवडून आला. काल मिरवणूक दवाखान्यासमोरून गेली, डफडी, गुलाल. गुलाल खिडकीतून आत आला आणि भोजराजच्या पट्ट्यांवर बसला, नर्सबाई शिव्या देत होती. पुंडलिकराव थांबले नाहीत. एका माणसाबरोबर नारळ पाठवला. तो नारळ मी परत पाठवला नाही, खाटेखाली आहे, फोडायला कोणाला जमत नाही. भैयाजी हरले तरी ठीक आहेत. त्यांची मिल चालू आहे.

आता जे महत्त्वाचं ते. फौजदार साहेब दवाखान्यात आले होते. कलम बदललं म्हणाले, आधी मारहाणीचं होतं, आता खुनाचं. भोजराजला विचारलं, "धनीरामले तूच मारलं?" जबडा बांधलेला, त्यानं मान हलवली. हो. मी म्हटलं, "साहेब, खोटं आहे." भोजराजनं पुन्हा मान हलवली. साहेब गेल्यावर मी त्याच्या कानाशी वाकून विचारलं, काहून रे? तो फटीतून बोलला, एक एक शब्द थांबून, "येवढा मार खाल्ला बाबा. तो फुकट जाऊ देऊ?" नंतर खूप वेळानं म्हणाला, "तुमी जेलात एक हिवाळा नाई काढनार." यातलं खरं कोणतं, मला ठरवता येत नाही. दोन्ही असेल. गुडघे नसलेला माणूस जन्मठेप कशी काढतो, तेही कोणाला विचारावं कळत नाही. चंद्रकला त्याच्या पायाशी बसून असते. तिला दिवस गेले आहेत, हे तुला कोणी सांगितलं नसेल.

मी साहेबांच्या मागे फाटकापर्यंत गेलो. त्यांना म्हटलं, मेलेला बोलत नाही, जिवंत असलेला खोटं बोलतो, माझ्यावर तुमचा विश्वास नाही. मग मी काय करू? ते चांगले माणूस आहेत, थांबले. म्हणाले, "पाहनारा कोनी होता का?" मी म्हटलं, माझा मोठा मुलगा श्यामराव ओट्यावर होता. भिलाईला असतो, दहावी शिकलेला. ते म्हणाले, "भावासाठी भाऊ काहीही सांगते, बाबा." मग थोडा विचार करून म्हणाले, "पन आपल्या सख्ख्या बापावर खुनाचं बालंट कोनी पोरगा खोटं घालत नाई. तो येऊन बापाचं नाव घेत असन, तं मले लिहून घ्यावं लागन."

हे तुला सांगण्यासाठी हात दुखत असून एवढं लिहिलं.

तुला भोजराजचं भलं बोलायचं नाही, नको बोलूस. त्याला भाऊ म्हणू नकोस. मला बाप म्हणू नकोस. तू त्या दिवशी रागावून गेलास ना, तो राग तसाच घेऊन ये. साहेबांसमोर उभा राहा आणि सांग, माझ्या बापानं अडसर उचलला, मागून मारला, मी जवळ उभा होतो, त्याला वाईटसुद्धा वाटलं नाही. यातला एक शब्दही खोटा नाही, तुला पाप लागणार नाही. मी सत्तरीचा आहे, मला किती दिवस ठेवतील? भोजराजचं लेकरू अजून जन्माला यायचं आहे.

येता येत नसेल तर सही करून लिही. ठाण्याच्या पत्त्यावर लिही, घरी नको, भोजराजचे मित्र पत्रं फोडतात. पण लवकर लिही, श्याम. जे लिहायचं ते माझ्याविरुद्ध लिही.

तुझा बाप
सुखराम